सर्किट जोडलं, पण दिवा लागेना? या चुका टाळा

सेल नवे, बल्ब नवा, तरी उजेड नाही. अशा वेळी बहुतेक जण बल्बच पुन्हा पुन्हा पिळून बघतात. कारण डोक्यात पक्कं बसलेलं असतं की करंट बॅटरीतून निघतो आणि बल्बमध्ये संपतो. तो संपत नाही. बल्बच्या अलीकडे जेवढा करंट, तेवढाच पलीकडे. खर्च होते ती ऊर्जा. एकाच वाटेच्या सर्किटमध्ये एक जोड सुटला, मग तो परतीच्या तारेवरचा का असेना, की करंट सगळीकडेच थांबतो.

मग तुटलंय कुठे? दोन सेलचं ३ व्होल्टचं सर्किट असेल तर स्विच चालू ठेवा, मल्टीमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचं यंत्र) डीसी व्होल्टवर घ्या आणि एकेका भागाच्या दोन्ही टोकांना प्रोब, म्हणजे मीटरच्या टोकदार तारा, टेकवत चला. धड तारेवर जवळपास शून्य दिसेल. बॅटरी सोडून जिथे पुरते ३ व्होल्ट दिसतील, तिथेच खोट आहे. स्विचवर दिसले तर आतली पत्री टेकत नाही. बल्बच्याच टोकांवर दिसूनही तो पेटत नसेल तर आतली तार गेली. खुद्द बॅटरीवर शून्याच्या आसपास आकडा आणि तारा गरम, म्हणजे शॉर्ट. आधी सेल काढा. (हे सगळं बॅटरीपुरतंच. घरातल्या विजेवर हा प्रयोग नको.)

करंट मोजून झाला की लाल प्रोब अँपिअरच्या सॉकेटमध्येच विसरला जातो, आणि मग व्होल्टेज बघायला तो थेट बॅटरीला टेकवला जातो. अँपिअरच्या जोडणीत मीटरचा रोध अगदी नगण्य, म्हणजे हा सरळ शॉर्टच! फ्यूज उडाला तर नशीब समजा. करंट मोजताना मीटर एकसर (वाट तोडून मधे), व्होल्टेज मोजताना समांतर (भागाच्या दोन टोकांवर).

एलईडी रेझिस्टरशिवाय (करंटला आवर घालणाऱ्या रोधकाशिवाय) ९ व्होल्टला लावला की क्षणभर झगमगतो आणि जातो. लाल एलईडी स्वतःवर साधारण २ व्होल्ट घेतो, उरले ७. करंट २० मिलिअँपिअर हवा असेल तर ७ ÷ ०.०२ = ३५० ओहम. बाजारात ३९० सहज मिळतो. माझं मत विचाराल तर ४७० लावा. उजेडात फारसा फरक पडत नाही. लांब पाय धन बाजूला.

इलेक्ट्रॉन ऋणाकडून धनाकडे जातात आणि सर्किटच्या आकृतीतले करंटचे बाण उलटे असतात, याची चिंता सोडा. गणित तेच येतं.

ब्रेडबोर्ड (डाग न देता भोकांत तारा खोचून सर्किट जोडायची पाटी) वापरत असाल तर कडेच्या लांब पट्ट्या तपासा. काही बोर्डांवर त्या मधोमध तोडलेल्या असतात.