जुनी सायकल रिस्टोअर करायला घेताना आधी काय बघायचं

जुनी सायकल दिसली की आपलं लक्ष पहिलं रंगाकडे आणि गंजाकडे जातं आणि तिथेच फसायला होतं. वरवरचा गंज घासून निघतो, रंग नवा मारता येतो, पण फ्रेम गेलेली असेल तर कितीही आवडली तरी सोडून द्या.

फ्रेम बघायला खाली बसायचं, उभ्याउभ्या काही कळत नाही. हँडलखालच्या आखूड नळीला तिरकी नळी जिथे मिळते तिथे खालच्या बाजूनं बोट फिरवा, फुगवटा लागला किंवा रंगाला सुरकुती दिसली तर सायकल समोरून आदळलीये असं समजा. मग बाजूनं चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, बघा मागे वळलाय का, आणि सांध्यांपाशी बारीक चीर आहे का. खिशात लोहचुंबक ठेवा, चिकटला तर स्टील. नवशिक्यानं स्टीलचीच घ्यावी, थोडी वाकली तर सरळ करता येते, ॲल्युमिनियमचं तसं नाही.

दुसरं, अडकलेले पार्ट, आणि याकडे कोणी बघतच नाही. नट सैल करून सीट वरखाली होते का बघाच. स्टीलच्या फ्रेममधे ॲल्युमिनियमची सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, वर्षानुवर्षं बिनग्रीसची राहिली की दोन्ही धातू एकमेकांना घट्ट धरून बसतात. माझी एक अशीच अडकली होती, तेल, हातोडी सगळं झालं, शेवटी कापून काढली. हँडलची दांडी पण अशीच हलवून बघा.

चाकाला थोडा आऊट असेल, म्हणजे फिरताना ते डुलत असेल, तर काढता येतो, पण टायरच्या बाजूवरचा तीन आकडी नंबर नक्की वाचा. तो टायर रिमवर बसतो तिथला व्यास असतो, मिलिमीटरमधे. 27 इंचीचा 630 असतो आणि 700 सी या दुसऱ्या साइजचा 622, दिसायला सारखीच चाकं पण 8 मिलिमीटरच्या फरकामुळे एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही, म्हणून त्या साइजचा टायर मिळतोय का हे सायकल घ्यायच्या आधी शोधा.

चेन, ब्रेकचे रबर, केबल, छर्रे हे सगळं तसंही बदलायचंच असतं, त्यावरून सायकल नाकारू नका. मागच्या चाकाला स्टर्मी आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब (चाकाच्या मधला भाग, गिअर त्याच्या आतच असतात) असेल तर मात्र थोडं थांबून नीट बघा, हबवर बऱ्याचदा बनवल्याचं साल ठोकलेलं असतं, आणि गिअर जाम वाटला तरी पुष्कळदा आतलं तेल वाळलेलं असतं एवढंच.