जावा चाचणी-घटकात कामाचा भार कसा उभा करावा

एखादी जावा सेवा अजून लिहून झालेली नसते, पण तिला किती सर्व्हर लागतील याचा अंदाज आधीच हवा असतो. अशा वेळी तिच्या जागी एक नकली घटक बसवावा, ज्यात खरे व्यवहार नसतील, पण सीपीयू, प्रतीक्षा आणि मेमरी यांचा खर्च खऱ्या सेवेसारखाच होईल. हे आकडे कोडमध्ये न लिहिता कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ठेवावेत.

सीपीयूचे काम आणि प्रतीक्षा यांची गल्लत होऊ देऊ नये. थ्रेड.स्लीप (ठरावीक वेळ थांबवणारी जावाची आज्ञा) वापरल्यास थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एक स्वतंत्र धागा, अडून राहतो, पण सीपीयू मोकळाच असतो. म्हणून गणनेचा भार त्याने दाखवता येत नाही. त्यासाठी पुष्कळ जण २० मिलिसेकंद उलटेपर्यंत फिरणारा लूप लिहितात, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक इथेच होते. गर्दी वाढली की थ्रेडला सीपीयू मिळत नाही, घड्याळ मात्र पुढे सरकत राहते, आणि ५ मिलिसेकंदांचेच काम झालेले असताना लूप थांबतो. परिणामी जिथे सर्व्हर कोलमडायला हवा, तिथे तो सुरळीत चाललेला दिसतो. म्हणून वेळ नव्हे, कामाचे प्रमाण ठरवावे. रिकाम्या यंत्रावर, जेआयटी कंपायलरने (प्रोग्राम चालू असतानाच कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या भागाने) कोड पुरता कंपाइल केल्यानंतर, एका मिलिसेकंदात लूपच्या किती फेऱ्या होतात ते मोजावे आणि त्या हिशेबाने प्रत्येक विनंतीला ठरावीक फेऱ्या द्याव्यात. दोन यंत्रांची तुलना करायची असेल तर हा आकडा बदलू नये, नाहीतर वेगवान यंत्राचा वेग दिसणारच नाही. फेऱ्यांचे उत्तर कुठेतरी वापरलेही पाहिजे, कारण न वापरलेली गणना कंपायलर काढून टाकू शकतो. जेएमएच या जावाच्या वेग-मापन साधनातील ब्लॅकहोल याचीच काळजी घेतो.

डेटाबेसची प्रतीक्षा कनेक्शन हातात धरूनच करावी. मूळ सेटिंगमध्ये टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरचे थ्रेड २०० आणि हिकारीसीपी या डेटाबेस-कनेक्शनांचा साठा सांभाळणाऱ्या लायब्ररीची कनेक्शने १० असतात. प्रत्येक विनंतीने कनेक्शन ५० मिलिसेकंद अडवले, तर सेकंदाला २०० हून अधिक विनंत्या पूर्ण होऊच शकत नाहीत. कनेक्शन न घेता नुसता झोपणारा घटक मात्र त्याच थ्रेडांवर ४००० चा आकडा दाखवू शकतो. प्रतीक्षेचा काळही नेहमी एकच नसावा. बहुतेक उत्तरे लवकर आणि मोजकीच खूप उशिरा येतील असे लॉगनॉर्मल वितरण घ्यावे.

मेमरीसाठी लगेच टाकून देण्याच्या आणि दीर्घकाळ धरून ठेवण्याच्या बाइटांची संख्या वेगवेगळी ठेवणे पुरते.

सर्व जोडून झाल्यावर आधी एकाच वापरकर्त्याने घटक चालवावा. प्रतिसादाचा वेळ सीपीयू आणि प्रतीक्षा यांच्या बेरजेजवळ आला नाही, तर भार वाढवण्याआधी फेऱ्या पुन्हा मोजाव्यात.