कोच म्हणाला "जागा आहे", पण कितवी?

अमेरिकेतल्या कॉलेजच्या कोचने मुलाला किंवा मुलीला टीममध्ये बोलावलं, तर फोन ठेवल्यावर लगेच पेढे वाटू नका. त्याने नेमकं काय कबूल केलं ते आधी लिहून काढा. रिक्रूटेड वॉक-ऑन म्हणजे कोचने आपणहून टीममध्ये बोलावलंय, पण खेळाची स्कॉलरशिप नाही. आमच्या लेकीला टेनिससाठी असाच फोन आला होता. "तिच्यासाठी जागा आहे," असं तो तीनदा म्हणाला. जागा कितवी, हे मी विचारलंच नाही. आपला नेहमीचा संकोच. नंतर तिने मेलवर विचारलं, तेव्हा उत्तर आलं, फॉलमध्ये, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या सत्रात, बघू.

म्हणून सगळं मेलवर मागायचं आणि मेल मुलांनीच लिहायचा, आईबाबांनी नाही. जागा पूर्ण वर्षाची आहे की फॉलनंतर पुन्हा चाळणी लागणार? गेल्या तीन वर्षांतले किती वॉक-ऑन अजून टीममध्ये आहेत? कोच सोडून गेला तर?

मग रोस्टर, म्हणजे टीममधल्या खेळाडूंची यादी, उघडा. 2025 च्या जूनमध्ये कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या हाऊस खटल्यातल्या तडजोडीला कोर्टाची मंजुरी मिळाली आणि डिव्हिजन वनचं, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटाचं, गणितच बदललं. पूर्वी मर्यादा स्कॉलरशिपवर होती, त्यामुळे वॉक-ऑनना कडेकडेने जागा मिळायची. आता तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांत मर्यादा डोक्यांवर, म्हणजे टीममधल्या एकूण खेळाडूंवर, आहे: फुटबॉलला 105, बेसबॉलला 34, टेनिसला फक्त 10. आपलं कॉलेज त्यात आहे का, हे स्पष्ट विचारा. आम्ही विजेच्या बिलाच्या पाठीवर नावं मांडली: सीनियर किती जाणार, परदेशातून किती आल्या, ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसरं कॉलेज सोडून, किती. सामन्यात सिंगल्सच्या जागा सहाच. सहाव्या नंबरच्या मुलीचा यूटीआर, म्हणजे टेनिसमधलं रेटिंग, पाहिला आणि लेक स्वतःच म्हणाली, "आई, मी बाकावर बसणार."

फुटबॉलपटू बेकर मेफील्ड दोन कॉलेजांत वॉक-ऑन म्हणून गेला आणि 2017 ची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेऊन आला, हे खरंच. पण सहाव्या नंबरचा यूटीआर त्याने बदलत नाही.

पैशांचा हिशोब खेळ वगळून करा. अभ्यासावरची आणि उत्पन्नावरची मदत वॉक-ऑनला मिळते का, ते फायनान्शियल एडच्या ऑफिसला विचारा, कोचला नाही. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारखी आठ कॉलेजं) खेळाची स्कॉलरशिप कुणालाच नसते, तिथे वॉक-ऑन या शब्दावरून मन खट्टू करून घेऊ नका. पहिल्या वर्षी रेडशर्ट करणार, म्हणजे सामन्यांत न उतरवता खेळायचं एक वर्ष राखून ठेवणार असतील तर पाचव्या वर्षाची फी कोण भरणार? दुखापत झाली तर शस्त्रक्रियेचं बिल कुणाच्या विम्यावर? आणि मूल एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्या पालकांवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल तर एनआयएलच्या पैशांचं (खेळाडूच्या नावा-चेहऱ्याच्या जाहिरातींतून मिळणाऱ्या) स्वप्न वकिलाला विचारल्याशिवाय पाहू नका; त्या व्हिसावर मुलांना काम करता येत नाही.

सीझनमध्ये आठवड्याला वीस तासांची मर्यादा असते, पण प्रवास त्यात धरत नाहीत. दुपारच्या लॅब आणि प्रॅक्टिस एकत्र जमतात का, हे टीममधल्या एखाद्या वॉक-ऑनला गाठून, कोच जवळपास नसताना विचारा.

डिव्हिजन वनसाठी एनसीएएच्या (कॉलेज खेळांचं नियमन करणारी संस्था) एलिजिबिलिटी सेंटरमध्ये नोंदणी आणि शाळेतले सोळा कोअर कोर्स, म्हणजे आवश्यक मुख्य विषय, तपासून घ्या. नोंदणी मुलांनी स्वतः करायची; कोर्स तपासायला शाळेचा काउन्सेलर मदत करतो.

आणि कोचचं लेखी उत्तर येईपर्यंत दुसऱ्या कॉलेजला नकार कळवू नका. आम्ही शेवटी त्या दुसऱ्याच कॉलेजचं डिपॉझिट भरलं. लेक तिथे क्लब टीमकडून, म्हणजे विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या टीमकडून, खेळते, पहिल्या नंबरवर.