मागे तोंड असलेली कार सीट: निवडताना आणि बसवताना या चुका टाळा

पहिला वाढदिवस झाला की घरातली मंडळी आग्रह धरतात, 'आता मोठा झाला, त्याला पुढचा रस्ता दिसू द्या', आणि कन्व्हर्टिबल (मागे किंवा पुढे, दोन्हीकडे तोंड करून लावता येणाऱ्या) कार सीटचे तोंड पुढे फिरवले जाते. माझ्या मते सर्वांत गंभीर चूक हीच आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते आणि मानेच्या मणक्यांचा काही भाग अजून कूर्चेचाच असतो. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचे धड पट्ट्यांमुळे जागीच अडते, डोके मात्र पुढे झेपावते आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोके, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीवर दाबली जातात व धक्का विभागला जातो. म्हणूनच अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये वयाचा आकडा बाजूला ठेवून, सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसेल तोवर मुलाला मागे तोंड करूनच बसवावे, अशी शिफारस केली. युरोपच्या आर १२९ या मुलांच्या कार सीटविषयीच्या सुरक्षा नियमातही १५ महिन्यांपर्यंत हे सक्तीचे आहे, आणि तीही किमान अट आहे.

दुसरी चूक खरेदीच्या वेळी होते. '० ते २५ किलो' असा ठळक आकडा पाहून पालक निश्चिंत होतात. परंतु तो आकडा सीटच्या एकूण वापराचा असतो. मागे तोंड करून ती सीट किती किलोपर्यंत वापरता येते, हा आकडा वेगळा असतो आणि खरेदी करताना नेमका तोच विचारायला हवा. त्याआधीच्या जुन्या आर ४४ नियमात वजनानुसार सीटचे गट आहेत: ०+ गट १३ किलोपर्यंतचा आणि पहिला गट ९ ते १८ किलोंचा आहे. या ९ चा अर्थ अनेक जण 'नऊ किलो झाले, आता सीट फिरवा' असा घेतात, वास्तविक ती फक्त परवानगीची सुरुवात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार मुलग्याचे मध्यम वजन एका वर्षाला ९.६ किलो आणि दोन वर्षांना १२.२ किलो असते. म्हणजे नऊ किलोंवर सीट फिरवली तर मूल बहुधा वर्षाचेही झालेले नसते. तेच १३ किलोंपर्यंत थांबल्यास ते अडीच वर्षांच्या आसपास पोहोचते. आर १२९ च्या सीटवर मर्यादा सेंटिमीटरमध्ये दिलेली असते, आणि मागे तोंड करून १०५ सेंटिमीटरपर्यंत चालणारी सीट मिळाली तर ती बहुतेक मुलांना चौथ्या वर्षापर्यंत पुरते. जास्तीचे पैसे खर्चायचे असतील तर ते कप होल्डरवर नव्हे, या आकड्यावर खर्चावेत. सीटवर आर ४४, आर १२९ किंवा भारतीय एआयएस-०७२ यांपैकी एकाही मानकाची खूण नसेल, तर ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

सीट आपल्या गाडीत बसते का, हे न पाहता मागवणे ही मुंबईत नेहमी आढळणारी चूक आहे. छोट्या हॅचबॅकमध्ये मागे तोंड असलेली सीट लावली की पुढची सीट बरीच पुढे सरकवावी लागते आणि चालकाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. त्यामुळे ती चालकाच्या मागे न लावता डाव्या बाजूला लावणे बहुधा सोयीचे पडते. शिवाय मुलाला रहदारीच्या बाजूने न उतरवता फुटपाथच्या बाजूने उतरवता येते. आयसोफिक्स सीट (बेल्टऐवजी गाडीतल्या ठरावीक धातूच्या कड्यांना अडकणारी) गाडीच्या तळाला टेकणाऱ्या आधाराच्या पायाची असेल, तर ती घेताना मागच्या पायदानाखाली सामानाचा पोकळ कप्पा नाही ना, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, कारण त्या झाकणावर पाय टेकवला तर धडकेत ते खचू शकते. ज्यांचा प्रवास मुख्यतः टॅक्सीने होतो त्यांनी केवळ आयसोफिक्सवर चालणारी सीट घेऊ नये. साध्या तीन टोकांच्या सीट बेल्टनेही बसवता येईल अशीच घ्यावी आणि टॅक्सीचा बेल्ट तिला पुरेल इतका लांब आहे का, हे निघण्यापूर्वीच पाहावे. मुलाला मांडीवर घट्ट धरले म्हणजे झाले, असे मानू नये. ताशी ५० किलोमीटरवरून गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचे मूल सरासरी १४० किलो वजनाच्या जोराने हातांतून पुढे ओढले जाते.

अमेरिकेतील नातेवाइकांनी आणलेल्या सीटविषयी विशेष काळजी घ्यावी. तिथल्या गाड्यांचे मागचे बेल्ट पूर्ण ओढल्यावर जागीच घट्ट होतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे बेल्ट फक्त झटका बसल्यावरच अडकतात. सीटमध्ये बेल्ट पकडून ठेवणारी स्वतःची पकड नसेल, तर ती हळूहळू सैल होत जाते. सोसायटीच्या ग्रुपवर विकायला आलेली जुनी सीट अपघातातून गेलेली नाही, याची खात्री देणारी व्यक्ती ओळखीची नसेल, तर ती नाकारावी.

पुढच्या सीटसमोर एअरबॅग चालू असताना तिथे मागे तोंड असलेली सीट कधीही लावू नये.

आता बसवण्याविषयी. मागे तोंड असताना बेल्ट निळ्या खुणांच्या मार्गाने जातो, लाल खुणा पुढे तोंड असतानाच्या आहेत. बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून हलवावी. ती अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. झोपल्यावर मुलाची मान पुढे पडत असेल तर सीट फार उभी लागली आहे असे समजावे. मात्र कोन पार्किंगच्या उतारावर पाहू नये, सपाट जागेवर पाहावा. हार्नेसच्या पट्ट्या मुलाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून आल्या पाहिजेत. बकल लावल्यावर गळ्याच्या हाडाजवळची पट्टी चिमटीत उभी धरून पाहावी. चिमटीत पट्टीची घडी आली तर ती सैल आहे. पावसाळ्यात हीच चाचणी फसवते, कारण जाड रेनकोटावरून पट्ट्या घट्ट वाटतात आणि धडकेत मधली हवा दबून त्या सैल पडतात. रेनकोट आधी काढावा, मग मुलाला बसवावे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बकलचा धातू चटका देण्याइतका तापतो, म्हणून तो आधी हाताने चाचपून पाहावा.

पाय दुमडले जातात, ही तक्रार सीट फिरवण्याचे कारण नव्हे, कारण मुले मांडी घालून सहज बसतात. खरे कारण दोनच आहेत: वजन वा उंचीची मर्यादा संपणे, किंवा डोके सीटच्या वरच्या कडेपर्यंत पोहोचणे. त्या वेळी सीट फिरवताना बेल्ट लाल मार्गाने घ्यावा, पट्ट्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वर आणाव्यात आणि सीटच्या पाठीच्या वरच्या भागाला मागून बांधून ठेवणारा पट्टा असल्यास तो गाडीच्या हुकाला अडकवावा. सीएनजीच्या गाडीत टाकीमागे तो हूक झाकला जाऊ शकतो, म्हणून टाकी बसवतानाच तिथे हात पोहोचेल एवढी जागा ठेवायला सांगावे.