लैंगिक वर्तनाच्या सर्वेक्षणात संसर्गचाचणी कशी जोडावी

प्रश्नावलीतून वर्तन कळते, संसर्ग कळत नाही. क्लॅमिडिया या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गाची तर बहुतेकांना लक्षणेच जाणवत नाहीत. म्हणून मुलाखत संपल्यावर, वेगळी संमती घेऊन, नमुना मागावा. ब्रिटनच्या २०१०-१२ मधील ‘नॅटसॅल-३’ सर्वेक्षणात १६ ते ४४ वयोगटातील सहभागींकडून लघवीचा नमुना घेतला गेला. घरच्या घरी देता येत असल्याने तो सोयीचा. मात्र धारेचा पहिला भाग हवा, हे डबी हातात देतानाच सांगावे, कारण दवाखान्यात लोकांना मधली धार धरायची सवय लागलेली असते. डबीवर नाव नको, बारकोड पुरे.

निकाल कळवायचा की नाही, हा माझ्या मते सर्वांत अवघड निर्णय, आणि तो आधीच घ्यावा. नॅटसॅल-३ मध्ये निकाल कळवले नाहीत. भारतातही २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटातले रक्त कागदावर सुकवून, नावाविना एचआयव्हीसाठी तपासले गेले. निकाल कळवायचे नसतील, तर मोफत तपासणी कुठे होते, याची माहिती प्रत्येकाला द्यावी. नमुना नाकारणारे आणि देणारे सारखे नसतात. त्यामुळे नकारांची नोंद ठेवून नमुन्यांसाठी स्वतंत्र भारांकन करावे, म्हणजे ज्या गटांतून कमी नमुने आले त्यांच्या नमुन्यांना हिशेबात जास्त वजन द्यावे.