मुलांना प्राण्यांविषयी शिकवताना या चुका टाळा

‘मुक्या प्राण्यांवर प्रेम करा’ एवढंच सांगून थांबणं ही सगळ्यात मोठी चूक. पहिली-दुसरीतलं मूल हे ऐकतं आणि समोर दिसेल त्या कुत्र्याच्या गळ्यात हात टाकतं. बऱ्याच कुत्र्यांचा मिठीत जीव घुसमटतो, आणि मुलाचा चेहरा नेमका त्यांच्या जबड्यापाशी असतो. म्हणून आधी प्राण्याकडे नीट बघायला शिकवा.

कुत्रा मान वळवतो, सारखे ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठ होतं. ही सगळी ‘मला सोड’ म्हणण्याची लक्षणं. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, हा समज तर आधी काढून टाका. उंच, ताठ शेपूट झपझप हलत असेल तर तो खवळलेलाही असू शकतो. मांजराने शेपटी फटकारली, कान मागे पाडले, की हात मागे घ्यायचा. वर्गात एखादा व्हिडिओ आवाज बंद करून दाखवा आणि विचारा, ‘हा आता काय सांगतोय?’ मुलं फार बारकाईने बघतात. ओळखीच्या प्राण्याला मालकाला विचारून तीन सेकंद कुरवाळायचं, मग हात काढायचा. तो पुन्हा जवळ आला तर आणखी थोडं, नाहीतर बास. खेळण्यातल्या कुत्र्यावर याचा सराव छान होतो. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ बसलेल्या प्राण्याला हात लावायचाच नाही. आणि गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका. तो आधी बजावतोय. मार खाऊन ते बजावणं थांबलं, तर पुढच्या वेळी तो थेट चावेल.

‘जबाबदारी कळेल’ म्हणून वर्गात किंवा घरात प्राणी आणण्याची घाई मला अजिबात पटत नाही. हॅमस्टर निशाचर, त्याची झोपेची वेळ म्हणजे आपली शाळा. ससा ८ ते १२ वर्षं जगतो, नीट सांभाळलेला गोल्डफिश १० वर्षांहून जास्त, कासव तर कित्येक दशकं. सुट्टीत त्यांना कोण बघणार? सात वर्षांचं मूल विसरणारच, आणि त्याची शिक्षा प्राण्याला होते. पाणी भरण्याचं काम मुलाला जरूर द्या, पण कामांच्या तक्त्यावर मुलाने केलेली बरोबरची खूण दिसली तरी मोठ्या माणसाने वाटीत डोकावून बघायलाच हवं.

ब्रिटनमधल्या फार्म ॲनिमल वेल्फेअर कौन्सिलने १९७९ साली प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं मांडली. मुलांसाठी त्यांचे प्रश्न करा: याला भूक-तहान लागलीय का? बसायला सोयीची जागा आहे का? काही दुखतंय का? हा घाबरलाय का? आणि याला उकरायला, लपायला, उड्या मारायला मिळतंय का? शेवटच्या प्रश्नावर जास्त वेळ घालवा. पिंजरा स्वच्छ असला की झालं, असं मोठ्यांनाही वाटत असतं.

मुंग्या चिरडणाऱ्या मुलाला ‘दुष्ट’ म्हणू नका. या वयात बहुतेकदा ते कुतूहलच असतं. भिंग द्या आणि मुंगी काय ओढून नेतेय ते शोधायला सांगा. मात्र एखादं मूल पुन्हा पुन्हा, लपूनछपून प्राण्यांना इजा करत असेल, तर समुपदेशकाशी बोला. कधीकधी त्यालाच कुणीतरी त्रास देत असतं. क्रूरतेची रक्तबंबाळ चित्रं दाखवून दया शिकवणं तर सोडूनच द्या. मुलं रात्री दचकून उठतात, बाकी काही होत नाही.

घरट्यातून पडलेल्या पिल्लाला माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा गैरसमज आहे. पिसं न फुटलेलं पिल्लू मोठ्यांनी घरट्यात ठेवावं. पिसं फुटलेलं बहुधा उडायला शिकत असतं. लांबून लक्ष ठेवा, मांजराला दूर ठेवा, चोचीत पाणी ओतू नका.

शेवटची चूक आपल्या धाकाची. ओरडा बसेल म्हणून मुलं चावा किंवा ओरखडा लपवतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण चावल्यावर वेळेवर उपचार झाले तर रेबीज टाळता येतो. त्यामुळे मुलांना आधीच सांगून ठेवा: चावलं, ओरखडलं, तर लगेच सांग, कुणीही रागावणार नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.