एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेण्याआधी तिचा इतिहास कसा तपासावा

सुरुवात कागदांपासून नको, गाडीवरच्या क्रमांकांपासून करा. चासी आणि इंजिन क्रमांक स्वतः वाचून लिहून घ्या. मग इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याच्या मूळ नोंदींचा दाखला, मागवा. त्यात मूळ रंग, इंजिन क्रमांक, बांधणीची तारीख आणि गाडी कोणत्या देशासाठी बनली ते कळतं. इंजिन बदललेलं असणं गुन्हा नाही. ते लपवलेलं असेल तर मात्र किंमत पाडा.

व्ही५सी हा ब्रिटनमधला गाडीच्या नोंदणीचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून खरेदीच्या जुन्या पावत्या मागा. एमओटीच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या वाहन तपासणीच्या, नोंदी २००५पासून ऑनलाइन सापडतात. दरवर्षीचं मायलेज आणि गंजाचे शेरे ओळीने वाचा.

खरी गोम सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या लांब पोकळ पत्र्याच्या तुळईत. या गाडीला वेगळी चासी नाही, बराचसा भार सिल पेलतात. दाराच्या चौकटीला आडवा आधार न देता गंजलेले सिल बदलायला कापले, तर बॉडी मध्ये खचते आणि दाराची फट वर अरुंद, खाली रुंद होते. चुंबक पातळ कापडात गुंडाळून सिलवरून फिरवा: पकड सुटली की आत पुट्टी. दुरुस्तीच्या बिलावर फक्त बाहेरचा सिल असेल, तर आतला सिल आणि कॅसल रेल (सिलच्या खालच्या बाजूची पत्र्याची पट्टी) बदलल्याचे फोटो मागा. नवा पत्रा गंजक्या पत्र्यावर चढवणारे कमी नाहीत.